बोर्ड हलवू नका, आधी पावलं मोजा: वॉल्टच्या रनअपबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी लिहिते, म्हणजे माझं उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही वर्षभरापासून जिम्नॅस्टिक्सचे असिस्टंट कोच आहात. तुमच्याकडे १२ वर्षांची एक मुलगी आहे, हँडस्प्रिंग वॉल्ट (पळत येऊन स्प्रिंगच्या बोर्डवरून उडायचं, उंच टेबलावर हात टेकून पालथं होत पलीकडे पायांवर उतरायचं) तिला चांगला येतो पण रनअप, म्हणजे बोर्डपर्यंतचं पळणं, एकसारखा पडत नाही. दहातल्या चार उड्या झकास, तीन-चार वेळा बोर्डच्या आधी बारीक बारीक पावलं टाकत ठुमकत येते आणि उरलेल्या वेळी बोर्डपाशी येऊन थांबतेच. मोठे सर म्हणतात जोरात पळ, तुम्ही बोर्ड कधी पुढे कधी मागे करून बघताय, आणि तुम्हाला हवंय ते हे की सुरुवातीची खूण नेमकी किती मीटरवर ठेवायची.

मीटरचा आकडा मी देऊ शकते, पण तो माझ्याकडच्या मुलीचा असेल, तुमच्या मुलीचा नाही. आणि खरं सांगू का, तुमची अडचण आकड्याची नाहीच. दहातल्या चार उड्या जर त्याच खुणेवरून नीट बसतात तर खूण साधारण बरोबरच आहे, मुलगी त्या खुणेवरून दर वेळी वेगळं पळतेय एवढंच. मग बोर्ड पुढेमागे करणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. उलट बोर्ड रोज हलला की तिच्या डोळ्यांना धरून ठेवायला जी एकच पक्की गोष्ट होती तीही गेली.

शेवटची ठुमकती पावलं आपल्याला दिसतात म्हणून आपण म्हणतो शेवट बिघडला. पण बहुतेक वेळा तो शेवट म्हणजे आधी झालेल्या चुकीची डागडुजी असते. हिशोब बघा, १२ पावलांचा रनअप आहे आणि आज ती जरा दमलीय म्हणून प्रत्येक पाऊल फक्त ३ सेंटिमीटर आखूड पडलं, तर बोर्डपाशी येईपर्यंत ३६ सेंटिमीटरचा फरक. ३ सेंटिमीटर कुणाच्या डोळ्याला दिसणार? पण ३६ म्हणजे जवळजवळ एक फूट आणि वर थोडं, तेवढ्यात हर्डलच (एका पायावरून उडून दोन पायांवर बोर्डवर पडायची उडी) बसत नाही. लांब उडीवाल्यांवर डेव्हिड ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये केलेला एक अभ्यास आमच्या क्षेत्रात अजून सांगितला जातो. त्यांना दिसलं की चांगल्या खेळाडूंच्या पावलांमधला फरकसुद्धा पळता पळता साचत जातो, ३५ सेंटिमीटरच्या आसपास पोचतो, आणि शेवटच्या काही पावलांत ते डोळ्यांनी फळी बघून तो ८ सेंटिमीटरच्या घरात आणतात. म्हणजे शेवटी थोडं जुळवून घेणं हा दोष नाही, ते सगळेच करतात. ज्याला जमतं त्याचं जुळवणं चार-पाच पावलांत पसरलेलं असतं त्यामुळे कळत नाही, आणि तुमच्या मुलीचं जुळवणं शेवटच्या दोन पावलांत कोंबलेलं आहे म्हणून ते ठुमकणं दिसतं.

आता दुसरं कारण म्हणजे भीती. आणि गंमत अशी की बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. पाऊल चुकलं म्हणून थांबली की भीती वाटली म्हणून पाऊल चुकवलं, हे नुसतं बघून मला वीस वर्षांनंतरही छातीठोक सांगता येत नाही. त्यामुळे मी अंदाज करत बसत नाही, टेबल बाजूला करते.

म्हणजे असं, टेबलाच्या जागी मॅटचा थर लावायचा, कमरेएवढा किंवा त्याहून कमी, बोर्ड त्याच जागी, रनअप तोच, आणि बोर्डवरून फक्त सरळ उडी मारून मॅटवर उभं राहायचं. हँडस्प्रिंग नाही काही नाही. अशा आठ उड्या करून घ्या आणि मोबाइल बाजूला स्टँडवर ठेवून व्हिडिओ घ्या. टेबल गेल्याबरोबर ठुमकणं गेलं तर गोष्ट भीतीची, किंवा त्या विशिष्ट वॉल्टची आहे, आणि खूण, मीटर, टेप यातलं काही कामाचं नाही. टेबल नसतानाही तसंच होत असेल तर पळण्यातच गडबड आहे आणि मग पुढचं सगळं वाचा. काही मुलांमध्ये दोन्ही थोडं थोडं निघतं, तेव्हा आधी पळणं दुरुस्त करायचं, कारण पाऊल बसायला लागलं की निम्मी भीती आपोआप जाते.

पुढे जाण्याआधी एक कबुली. मी मुख्यतः ८ ते १६ वयाच्या मुलामुलींना शिकवते, त्यामुळे आकडे त्या वयाचे आहेत. उंची, पायांची ताकद, रनवे मऊ आहे की कडक, बोर्डच्या स्प्रिंगा किती कडक, वॉल्ट कोणता, यावर सगळं बदलतं. पद्धत तीच राहते, आकडे तुमचे तुम्हालाच काढायचे आहेत.

सगळ्यात आधी हर्डल. रनअप म्हणजे काय तर हर्डलच्या जागेपर्यंत नेऊन सोडणारी गाडी, आणि स्टेशनच जर रोज सरकत असेल तर गाडीचं टाइमटेबल करून काय उपयोग. मुलीला चार पावलांवरून बोर्डवर यायला सांगा आणि एका पायावरून उडून दोन पायांवर बोर्डवर पडते ते अंतर मोजा, दहा वेळा. जर ते कधी दीड मीटर कधी सव्वादोन असं येत असेल तर लांब रनअपला हातच लावू नका, दोन आठवडे फक्त हेच करा. मी जमिनीवर दोन खुणा करते, एक उडायच्या पायाची आणि एक दोन पायांची, आणि मध्ये एक चपटी पातळ मॅट किंवा दोरी आडवी टाकते म्हणजे हर्डल लांब होतो. उंच उडायला लावू नका. बरीच मुलं हर्डलला वर उडतात आणि धपकन बोर्डवर पडतात, पळून कमावलेला सगळा वेग तिथेच सांडतो. हर्डल सपाट आणि लांब हवा, बोर्डवर पाय कमरेच्या थोडे पुढे पडायला हवेत आणि पाय पडायची जागा बोर्डच्या पुढच्या भागात पण अगदी काठावर नको. पाय बोर्डवर जेमतेम सेकंदाच्या दहाव्या भागाएवढेच असतात, तिथे पोचल्यावर काहीही दुरुस्त करता येत नाही, जे करायचं ते आधीच.

आणि हो, उडायचा पाय कोणता हे तिला विचारू नका, बघा. विचारलं की मुलं गोंधळून काहीतरी सांगतात. माझ्याकडे एक मुलगा दीड वर्ष कधी डाव्या कधी उजव्या पायावरून उडत होता आणि मला पत्ताच नव्हता, मी आपली त्याची खूण मागेपुढे करत बसले होते. व्हिडिओ बघितल्यावर स्वतःच्याच डोक्यावर हात मारून घेतला.

हर्डल पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आत एकसारखा यायला लागला की खूण काढायची. जुनी पद्धत उलटं पळण्याची. म्हणजे मुलीनं बोर्डच्या बाजूला, हर्डलला जिथून उडते त्या जागी उभं राहायचं, टेबलाकडे पाठ करून, आणि रनवेवरून सुरुवातीच्या दिशेने आपला नेहमीचा रनअप पळायचा, बारावं पाऊल जिथे पडेल तिथे आपण खडूनं खूण करायची. पाच-सहा वेळा करा आणि मधली खूण धरा. सरासरी काढू नका, एखादं पाऊल अगदीच भलतीकडे पडलं की सरासरी बिघडते, मधलं घ्या. ही पद्धत सोपी आहे, लहान मुलांनाही मजा येते आणि पहिल्या अंदाजाला पुरते.

पण मला दुसरी जास्त आवडते. बोर्ड, टेबल सगळं काढून टाका किंवा सरळ मैदानावर जा, एक रेघ मारा, आणि मुलीला त्या रेघेवरून पूर्ण रनअप पळून शेवटी जमिनीवरच हर्डल मारायला सांगा, पुढे काही नाही म्हटल्यावर ती मोकळी पळते. तुम्ही बाराव्या पावलापाशी उभं राहायचं आणि पाय कुठे पडतो ते बघून खूण करायची. पावलावर माती किंवा खडू लागला तर अजून सोपं. आठ-दहा वेळा पळवा, मध्ये पुरेशी विश्रांती द्या. आता तुमच्याकडे आठ-दहा खुणांचा एक पुंजका तयार झाला, आणि त्या पुंजक्याकडे बघून दोन गोष्टी कळतात. एक, पुंजका रेघेपासून किती लांब आहे, हे तुमचं रनअपचं अंतर. दुसरी, पुंजका किती पसरलेला आहे, ही तुमच्या मुलीची खरी अडचण.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की कोच लोक वर्ष वर्ष खूण हलवत बसतात (मीही बसले आहे). सगळ्या उड्या एकाच बाजूला चुकत असतील, म्हणजे समजा दहाच्या दहा वेळा ती २० सेंटिमीटर बोर्डच्या जास्त जवळ येतेय, तर खूण २० सेंटिमीटर मागे घ्या, विषय संपला, पाच मिनिटांचं काम. पण कधी ३० जवळ, कधी ३० लांब असं होत असेल तर खूण हलवून काहीच होणार नाही, एका उडीला फायदा आणि दुसरीला तेवढाच तोटा. तुमच्या वर्णनावरून तुमचं दुखणं हे दुसरं वाटतंय.

आकड्याचा एक नमुना देते, फक्त कल्पना यावी म्हणून. माझ्याकडची साधारण त्याच वयाची एक मुलगी, बोर्डची पुढची (टेबलाकडची) कड टेबलापासून ८० सेंटिमीटरवर, पाय टेबलापासून १.१ मीटरवर पडतात, हर्डल २ मीटर, म्हणजे उडायचं पाऊल टेबलापासून ३.१ मीटरवर. १२ पावलं मिळून १५ मीटर, पहिलं पाऊल ९० सेंटिमीटरचं आणि शेवटची १.४ च्या आसपास. सुरुवात १८.१ मीटरवर. मी १८.१ लिहिते, «१८ च्या थोडं मागे» असं लिहीत नाही. आणि मोजते नेहमी टेबलाच्या पुढच्या (बोर्डकडच्या) कडेपासून, बोर्डपासून नाही, कारण बोर्ड सरकतो. जिममधल्या खिडकीपासून, खांबापासून, रनवेच्या तिसऱ्या जोडापासून वगैरे तर अजिबात नाही. दुसऱ्या जिममध्ये गेलं की तुमची खिडकी तिथे नसते.

आता पसरलेला पुंजका लहान कसा करायचा. माझ्या अनुभवात दहातली सात-आठ मुलं पहिल्या तीन पावलांत बिघडतात. ती काय करतात ते बघा. खुणेवर उभी राहतात, सलाम करतात, मग जागच्या जागी दोन उड्या, मग एक पाय मागे घेऊन झुलतात, मग कधी झुलता झुलता अर्धं पाऊल पुढे येतं, आणि मग पळतात. एखादी चालत चालत येऊन खूण ओलांडताना पळायला लागते. ही सुरुवात दर वेळी वेगळी, त्यातला फरक वीस-तीस सेंटिमीटरचा, आणि तो आपण शेवटी बोर्डपाशी फेडतो. मोठे खेळाडू चालत येऊन, उडी मारून सुरुवात करतात ते खरं आहे, पण ती सुरुवात त्यांनी हजारो वेळा तशीच्या तशी केलेली असते. लहान मुलाला मी उभ्यानं सुरुवात करायला लावते, एक पाय खुणेला टेकलेला, दुसरा मागे, वजन पुढच्या पायावर, एक श्वास आणि चल. झुलायचंच असेल तर एकदाच, पाय न हलवता.

कुठला पाय खुणेवर, यात लोक घोळ घालतात म्हणून सांगते. पावलं सम असतील, १०, १२, १४, तर हर्डलला ज्या पायावरून उडते तोच पाय खुणेवर राहतो आणि पहिलं पाऊल दुसऱ्या पायाचं. पावलं विषम असतील तर उलट. डाव्यावरून उडणारी मुलगी, १२ पावलं, तर डावा पाय खुणेवर आणि पहिलं पाऊल उजव्याचं. हे एकदा बसलं की बदलायचं नाही, मग रनअप वाढवायचा झाला तरी दोन दोन पावलांनीच वाढवायचा.

पहिली तीन पावलं आम्ही वेगळी करून घेतो. जमिनीवर तीन खुणा आखते, सरावात तेवढीच पळायची, चौथ्याला मोकळं सोडायचं. कंटाळवाणं काम आहे, मुलं तोंड वाकडी करतात. पण पाच-दहा मिनिटं वॉर्मअपमध्येच टाकलं तर कुणाला कळतही नाही. यात एक महत्त्वाचं, पहिल्या पावलापासून झपाट्यानं पळायचं नाही. वेग हळूहळू चढला पाहिजे. सुरुवातीलाच सगळा जोर लावला की पावलं वेडीवाकडी पडतात आणि आठव्या पावलाला दम संपतो, मग नेमकं बोर्डपाशी वेग उतरतो, आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट.

नंतर मधली खूण. उडायच्या जागेपासून चार पावलं मागे (वरच्या मुलीच्या हिशोबात टेबलापासून साधारण ८.७ मीटरवर) रनवेच्या कडेला एक खूण करा. ही खूण तुमच्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही, तिला तिकडे बघायला लावलं तर ती खाली बघत पळेल आणि अजून बिघडेल. तुम्ही तिथे उभं राहून फक्त एवढंच बघा की आठवं पाऊल खुणेच्या किती मागे-पुढे पडलं, आणि वहीत लिहा. शेजारी लिहा की उडी बसली, ठुमकली की थांबली. अशा तीस नोंदी झाल्या की तुमचं उत्तर वहीतच असतं. मधलं पाऊल चुकलं आणि शेवटही चुकला, तर सुरुवात बिघडतेय. मधलं पाऊल नेमकं पडलं आणि तरी शेवटी ठुमकली, तर पळणं ठीक आहे, शेवटच्या चार पावलांत काहीतरी होतंय, मग डोळे, हर्डल नाहीतर भीती. आणि मधलं पाऊल चुकूनही उडी बसली तर शाबासकी द्या, कारण तिनं चार पावलांत नीट जुळवून घेतलं, हेच तर हवंय.

डोळ्यांचं मुद्दाम सांगायला लागतं. ठुमकणारी मुलं बऱ्याचदा सुरुवातीपासून टेबलाकडे बघत असतात, किंवा पायाकडे, आणि बोर्ड त्यांना शेवटच्या दोन पावलांतच «दिसतो». मग जुळवायला वेळच उरत नाही. सुरुवातीपासून नजर बोर्डवर हवी आणि हर्डलच्या जरा आधी ती टेबलाकडे उचलायची. बोर्डवर जिथे पाय पडायला हवेत तिथे खडूचा एक ठळक पट्टा मारा, नजरेला जागा मिळते. आणि जुळवायचा सराव म्हणून कधी कधी मी मुद्दाम सुरुवातीची खूण २० सेंटिमीटर इकडेतिकडे करते, त्यांना न सांगता, फक्त मॅटवरच्या सरळ उडीला, वॉल्टला कधीच नाही. पण हा खेळ पळणं एकसारखं झाल्यानंतरचा, आत्ताच करू नका.

मोठ्या सरांच्या «जोरात पळ» बद्दल. त्यांचं म्हणणं चूक नाही, वॉल्टमध्ये वेगच सगळं देतो, वरच्या पातळीवरच्या मुली सेकंदाला ७-८ मीटरनं बोर्डवर येतात आणि पुरुष त्याहून जास्त. पण जो वेग हर्डलमध्ये नेता येत नाही तो काय कामाचा? १२ पावलांत तिचा जेवढा वेग हर्डलला टिकतो तेवढाच तिचा आत्ताचा वेग. मोजायचा असेल तर हर्डलच्या आधीचे ५ मीटर आखून घ्या आणि स्लो मोशन व्हिडिओत वेळ काढा, ५ मीटरला ०.८ सेकंद म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटर. दहा पावलांवरून आणि बारा पावलांवरून वेग सारखाच येत असेल तर जास्तीची दोन पावलं फुकट आहेत, चूक साचायला तेवढी जागा मात्र वाढली. सरळ दहावर या. नियमात रनअप जास्तीत जास्त २५ मीटर आहे म्हणून पंचविसावर जाऊन उभं राहायची गरज नाही, आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच लहान मुली मोठ्या ताईंचं बघून तिथून पळत यायच्या आणि बोर्डपाशी येईपर्यंत निम्म्या थकलेल्या असायच्या.

तर आत्तापर्यंतचं थोडक्यात: टेबल काढून बघा, हर्डल पक्का करा, उभ्यानं सुरुवात, पहिली तीन पावलं, मधली खूण आणि वही. या क्रमानं. याला मला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आठवड्यातून तीन वेळा वॉल्ट असेल तर. लहान रनअपपासून चढायचं, ४ पावलं, मग ६, मग ८, आणि दहातल्या आठ उड्या बसल्याशिवाय पुढची दोन पावलं वाढवायची नाहीत. मुलीला हे मागे जाणं वाटेल, तिला आधीच समजावून सांगा नाहीतर रडारड होते.

आता टेबल काढल्यावर ती नीट पळाली तर काय. मग रनअपवर एक शब्द बोलू नका. भीती कशाची ते शोधा, आणि «घाबरू नकोस» म्हणून ती जात नाही. सोप्या वॉल्टवर या, टेबलावर दोन पायांवर चढून उडी, त्याच रनअपनं, मग हँडस्प्रिंग मारून उंच मॅटच्या थरावर पाठीवर पडणं, मग पूर्ण. माझ्याकडच्या एका मुलीचं असंच चाललं होतं आणि मी तीन महिने पावलं मोजत बसले, नंतर कळलं की मागे एकदा तिचा हात टेबलावरून घसरला होता, पडली नव्हती, लागलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. तेव्हापासून मी आधी विचारते, आणि सगळ्यांसमोर विचारत नाही.

थांबण्याचंही शिकवावं लागतं, हे कुणी शिकवत नाही म्हणून लिहिते. धोका थांबण्यात नाही, उशिरा थांबण्यात आहे. हर्डलच्या आधी वाटलं की पाऊल चुकलंय तर बाजूला वळून पळत निघून जायचं, ब्रेक मारायचा नाही. हर्डल मारला असेल तर मग थांबायचं नाही, हात टेबलावर टेकून दोन पाय वर घेऊन टेबलावर चढायचं. बोर्डवर ब्रेक मारला की गुडघे नाहीतर छाती टेबलावर आपटते. याचा मुद्दाम सराव घ्या, तुम्ही «सोड» म्हणून ओरडायचं आणि तिनं वळायचं, मुलांना हा खेळ आवडतो. पुढे ती राउंडऑफवरून (कार्टव्हीलसारखं हात टेकून, वळून दोन पायांवर उतरणं) येणाऱ्या युर्चेंको वॉल्टकडे गेली तर हे सगळं नव्यानं मोजावं लागेल, कारण तिथे हात बोर्डच्या आधी टेकतात आणि मुलगी बोर्डवर पाठमोरी येते, उडायची जागा बरीच मागे जाते. तिथे पाऊल चुकलं तर बाकी राहिलं काय, म्हणून बोर्डभोवती सेफ्टी कॉलर (बोर्डला वेढणारी मऊ गादी) लावल्याशिवाय एकही उडी नाही, सरावातही नाही. पण तो विषय तुमच्या मुलीसाठी आत्ता नाही, रनअप असा असताना तर नाहीच.

१२ वर्षांची मुलगी म्हणजे अजून एक गोष्ट, ती वाढतेय. तीन महिन्यांत उंची दोन-तीन सेंटिमीटर वाढली, पाय लांब झाले की पावलं लांबतात आणि छान बसलेला रनअप अचानक बोर्डवर चढायला लागतो. दोष तिचा नाही आणि तुमचाही नाही. या वयात मी दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजते, सुट्टीनंतर आणि आजारपणानंतर तर नक्कीच. मोजमाप सरावाच्या सुरुवातीला करा, दमल्यावर मोजलेली खूण ताज्या पायांना जवळ पडते.

स्पर्धेच्या आधी टेप बरोबर घेऊन जा. टेबलाच्या पुढच्या कडेपासून सुरुवातीची खूण आणि बोर्डचं अंतर, दोन्ही स्वतः मोजा, तिथल्या लोकांनी लावलेल्या पट्टीवर विसंबू नका, आणि खूण कशानं करायला परवानगी आहे ते आधीच विचारून घ्या. टेबलाची उंचीसुद्धा मोजा. वेड लागल्यासारखं वाटेल पण सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ऑलराउंड (सगळी साधनं मिळून) फायनलला वॉल्टची उंची १२५ ऐवजी १२० लावलेली होती, जगातल्या उत्तम मुली एकामागून एक पडत होत्या आणि अर्धी स्पर्धा होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, शेवटी एका खेळाडूनंच सांगितलं. ५ सेंटिमीटर फक्त. तिथला रनवे कडक असेल तर पाऊल लांब पडतं, मऊ असेल तर आखूड, म्हणून वॉर्मअपच्या मोजक्या उड्यांतल्या पहिल्या दोन मी मधल्या खुणेपाशी उभं राहून बघते, आणि ती दोन्ही वेळा एकाच बाजूला चुकली तरच खूण तेवढी हलवते. एकदाच चुकली तर हात बांधून उभी राहते.

आणि तिला नियम माहीत असू द्या. आंतरराष्ट्रीय महिला नियमांत पळत येऊन बोर्ड किंवा टेबलाला हात-पाय न लावता थांबली तर १ गुण जातो आणि पुन्हा पळता येतं, पण बोर्डला स्पर्श झाला आणि वॉल्ट झाला नाही तर शून्य. तुमच्या स्पर्धेत वयोगटाचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी वाचा. हे तिला शांतपणे समजावलं की काय होतं, पाऊल चुकलं तर बाजूला वळायचं हे एक दार उघडं आहे असं तिला वाटतं, आणि माझा अनुभव असा की दार उघडं आहे हे माहीत असलेली मुलं कमी वेळा थांबतात. तोपर्यंत बोर्ड ८० वर असेल तर ८० वरच राहू द्या, सर काहीही म्हणोत, पहिल्या तीस नोंदी होईपर्यंत तो हलवू नका.